तू पसंत केलेल्या खिडक्या

माय, मी बाबांना सांगितलं की तू रात्री स्वप्नात आलतीस आणि तुला लोखंडी खिडक्या पाहिजेत, त्या सकाळपासून माझं सगळं बदललं. त्याआधी मी कॉलेज अर्धवट सोडलेला, बापाला उलट बोलणारा आणि एका पोरीपायी ताटावरून उठून जाणारा पोरगा होतो. आताही तसाच आहे म्हणा. पण त्या सकाळपासून तू आपल्या घरात परत राहायला आलीस. तुला मी आणलं, आणि तू मुळात आलीच नव्हतीस. तुझ्या नावावर झालेली गोष्ट आहे, म्हणून आधी तुलाच सांगायला पाहिजे.

तू गेलीस तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आता बाविशी झाली. आवाज बाबांसारखा झालाय, दारात कोणी हाक मारली आणि मी आतून ओ दिली की लोक मला बाबाच समजून बोलायला लागतात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत रोज पवनारहून बसनं वर्ध्याला जात होतो. आताही जातो, पण उस्तादच्या वेल्डिंगच्या दुकानात. आम्ही ग्रिल करतो, फाटकं करतो, खिडक्या करतो. कॉलेज सुटलं ते असं. वर्गातलाच एक जण तिच्यावरून काहीतरी बोलला आणि मी त्याला सायकल स्टँडवर आडवा केला. प्राचार्य म्हणाले, लेखी माफी दे. मी त्यांच्यासमोर कागद फाडला आणि घरी आलो. मला वाटलं, तिला कळेल तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती बस स्टँडवर भेटली तर म्हणते कशी, "माह्यासाठी नाई सोडलं तू कॉलेज. तुह्या रागासाठी सोडलं. माह्या नावाची पावती कायले फाडतं?" त्या दिवशी मी तिच्या बसमध्ये चढलोच नाही, पुढची बस पकडली. आणि पुढच्या बसमध्ये बसून पूर्ण रस्ता तिचाच विचार करत आलो.

तिची ओळख करून द्यायची राहिली. नाव सांगत नाही, तुला मी ते मनातल्या मनात पुष्कळदा सांगितलं आहे. आपल्यातलीच आहे, वर्ध्याला मास्तरीणबाईचं शिक्षण घेते. उंच आहे, चालताना कोणासाठी थांबत नाही. बाबांना सांगितलं तेव्हा ते चिडतील अशी तयारी ठेवून मी आवाज चढवूनच सुरुवात केली, तर ते म्हणाले, "वरडतं कायले? पोरगी चांगली आहे. तिच्या बापाले मी ओळखतो." माझा चढवलेला आवाज तसाच वाया गेला. मग निरोप गेले, निरोप आले, आणि ठरलं की तिचे वडील आणि मामा आपलं घर पाहायला येतील. पोरगी द्यायच्या आधी कसं घर पाहून जातात ते तुला काय सांगू. विहिरीचं पाणी, गोठा, न्हाणी, छपराचे कवेलू किती फुटले, सगळं नजरेनंच मोजून जातात आणि चहा पिताना पिकापाण्याचं बोलतात.

म्हणून बाबांनी घराला चुना मारायला काढला. बैठकीच्या खिडकीची चौकट कपड्यानं पुसता पुसता त्यांनी जरा दाबली आणि त्यांचं बोट आत गेलं. भिजलेल्या पोळीत जावं तसं. वरून लाकूड शाबूत, रंग शाबूत, आतून सगळी माती. मग आम्ही दोघांनी चारही खिडक्या बोटांनी दाबून पाहिल्या. वाळवीनं एकही सोडली नव्हती. बाबा खाली बसले, बोटाची माती धोतराला पुसली आणि म्हणाले, "उदईनं आपल्या आधीच घर पाहून घेतलं."

आता नव्या खिडक्या कशा घ्यायच्या, ह्यावर आमचं भांडण सुरू झालं. तुला हसू येईल, पण त्या दिवसांत मला दुसरं काही दिसत नव्हतं. बसमधून जाताना मी रस्त्यावरच्या घरांच्या खिडक्याच पाहायचो. स्टेशनकडच्या जुन्या बंगल्यांना झिलमिल्या आहेत, लाकडाच्या आडव्या पट्ट्या, दांडी ओढली की उजेड कापून कापून आत येतो. एका शेटच्या घराला वरच्या कमानीत लाल-निळ्या काचा आहेत. नव्या प्लॉटांवर सिमेंटच्या जाळ्या चालतात, त्यात फुलं, चौकडा, शंकरपाळी. आणि बँकेत नोकरी करणाऱ्यांच्या घरांना आमच्या दुकानातल्यासारख्या लोखंडी खिडक्या, काचेचे पल्ले बाहेर उघडणारे, आतून ग्रिल. प्रत्येक खिडकीत मी तिला उभी करून पाहत होतो. झिलमिलीमागे ती दिसेना. जाळीमागे ती तुरुंगात असल्यासारखी वाटली. काचेच्या खिडकीत ती पूर्ण दिसली, केस पुसताना, बाहेर पाहताना. मी ठरवून टाकलं.

तरी तिला विचारलं. म्हटलं, तुला कशी खिडकी आवडते? ती तेव्हा स्टँडवर शेंगदाणे खात होती. म्हणाली, "उघडली पाह्यजे अन् लागली पाह्यजे. अजून काय करते खिडकी?" मी म्हटलं, तू तिथं उभी राहशील ना कधी. तर म्हणे, "मी सकाळी शाळेत जाईन, संध्याकाळी भाकरी टाकीन. खिडकीत उभं राहायले माह्या जागी कोनाले तरी ठेवजो." आणि उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवून गेली. मी ते खाल्ले नाहीत, खिशात ठेवले. हे फक्त तुला सांगतो.

बाबांना फळ्यांच्या खिडक्या पाहिजे होत्या, होत्या तशाच. सागाचे दोन पल्ले, मधे कडी, आत गज. ते म्हणाले, "काच म्हंजे उन्हाले बोलावणं." मी म्हटलं, आता सगळे काचेच्याच बसवून राह्यले. "सगळे येऊन राहतीन का इथं मे महिन्यात?" सैपाकघराच्या खिडकीला तर त्यांना सिमेंटची जाळी लावायची होती. म्हणे उदई खात नाई, चोर येत नाई, उघडायची नाई, लावायची नाई. "मंग भिंतच ठेवा ना," मी म्हटलं. "ठेवली असती," ते म्हणाले, "धूर कुठून जाईन?" असं रोज जेवताना. शेवटी एक दिवस त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "हे घर तुह्या मायनं उभं केलं. तिनं ठेवल्या तशाच खिडक्या राहतीन." मी ताटावरून उठलो. मला कशाचा राग आला होता माहीत आहे? बारा वर्षांत त्यांनी तुझं नाव माझ्यासमोर काढलं नव्हतं. तुझं लुगडं, तुझी पेटी, तू, काहीच नाही. आणि आता काढलं ते मला गप्प करायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बशीत चहा ओतत होते. मी न ठरवता बोलून गेलो, "रात्री माय आलती सपनात. म्हणे लोखंडी बसवा. उजेड पाह्यजे म्हणे घरात."

मला वाटलं, ते हसतील किंवा शिवी देतील. दोन्हीची मला तयारी होती. त्यांनी बशी तशीच हातात धरून ठेवली.

"कुठं उभी होती?"

"इथंच. दारात."

"काय नेसली होती?"

आता मागं कसं फिरायचं? मी म्हटलं, "लुगडं. हिरवं."

"काठ?"

"लाल."

"हं," ते म्हणाले. "थे तिच्या भावानं घेतलतं." बशी खाली ठेवली, टोपी घातली आणि चहा न पिताच वावरात गेले. मी तिथंच बसून राहिलो. हिरवं लुगडं मला आठवत होतं की मी जुळवलं होतं, हे अजूनही सांगता येत नाही. दुपारी ते घामेजलेले परत आले आणि पाय धुता धुता म्हणाले, "तुह्या उस्तादले सांग, माप घेऊन जा म्हणा."

मी जिंकलो, असं मला दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि दुसरीकडे पाहत विचारलं, "आज काही?" मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, नाही. "बरं," ते म्हणाले. पुढच्या सकाळी पुन्हा, "आज काही?" रोज नाही म्हणवेना, माय. त्यांचा चेहरा कपात जायचा. म्हणून मी कधी कधी हो म्हणायला लागलो. एकदा म्हटलं, तुमच्या खोकल्याचं विचारून राह्यली होती, बिडी कमी करा म्हणे. त्यांनी खिशातला बिडीचा कट्टा काढला, थोडा वेळ पाहिला आणि उकिरड्यावर टाकून आले. "तिले पह्यलेपासून वास सहन होत नसे," म्हणाले. अजून ओढत नाहीत. ह्यासाठी मला पुण्य मिळणार की पाप, ते तू ठरव.

आणि ते बोलायला लागले. माझं एक खोटं झालं की त्यांची एक खरी गोष्ट निघायची. तू नदीवर धुणं धुताना हातातली पाटली वाहून गेली आणि तू घरी आल्यावर महिनाभर पदराखाली हात लपवून वावरलीस. तू त्यांच्या मित्राला जेवायला वाढताना म्हणालीस, भाऊजी, तुमचं बोलणं होऊ द्या, भाकर थंडी झाली तर तुमच्याच पोटात जाईन. आणि सैपाकघरातल्या खिडकीची गोष्ट. ती तर त्यांनी उभं राहून, हातवारे करून सांगितली. मी बाबांना हातवारे करताना कधी पाहिलं नव्हतं.

"मिस्त्री म्हणे, खिडकी छातीच्या उंचीवर घेतो. तुही माय म्हणे, कोनाच्या छातीच्या? अन् चुलीच्या जागेवर पाट टाकून बसली. भिंती अजून गुडघ्याएवढ्या, वर छप्पर नाई, अन् ही मधात पाटावर बसलेली. हात लांब केला, म्हणे इथून चालू करा. मिस्त्री हासला. म्हणे, बाई, इतक्या खाली घेतली तर कुत्रं येईन आत. म्हणे, येऊ दे, भाकर टाकीन त्याले. मले इतकी शरम वाटली लोकांसमोर. मी म्हटलं, उठ आता. म्हणे, मी इथं जल्मभर बसणार आहे, मले बाहेरचं दिसलं पाह्यजे."

ती खिडकी मला चांगली आठवते, ती जुळवावी लागत नाही. मी शाळेतून यायचो तेव्हा तुला आधी माझे पाय दिसायचे. तोंड दिसायच्या आत तू आतून विचारायचीस, "चप्पल कुठं टाकून आला रे?" मला वाटायचं तुला भिंतीतून दिसतं. तू गेल्यावर त्या पाटावर बाबा बसले. बारा वर्षं तेच भाकरी टाकतात, तेच भाजी फोडणीला घालतात. मी घरात शिरताना तेही आधी माझे पाय पाहतात. फक्त विचारत नाहीत.

आता त्या खिडकीचंच कोडं पडलं. घरी गॅस आला आहे. ती येणार, म्हणजे सैपाकाला उभ्याचा ओटा बांधायचा. ओटा आला की तुझी खिडकी त्याच्या खाली गेली, ओट्याच्या पोटात. ती बुजवून वर नवी काढायची की ओटा दुसऱ्या भिंतीला अंधारात घ्यायचा? उस्ताद माप घ्यायला आला होता, हातात टेप धरून माझ्याकडे पाहत होता. मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "तिले विचारून सांगतो, उद्या ये."

उस्तादला काय वाटलं असेल कोणास ठाऊक. त्यानं गुंडाळलेला टेप खिशात घातला आणि मला बाहेर नेऊन विचारलं, "कोनाले विचारतात बे? घरात तर बाई नाई." मी म्हटलं, तू चल.

दुसऱ्या सकाळी मी सांगितलं की तू म्हणालीस, वर घ्या. बाबांनी मान हलवली. "नाई. थे ती म्हणणार नाई." पहिल्यांदाच त्यांना शंका आली. मी काही बोलणार तेवढ्यात ते स्वतःशीच म्हणाले, "म्हटलं असंन. दुसऱ्याच्या पाठीची तिले लय काळजी. नव्या पोरीनं कायले वाकावं, म्हटलं असंन." आणि ते स्वतः कुदळ घेऊन तुझी खिडकी काढायला लागले. विटांनी ती बुजवली तेव्हा त्यांनी गिलाव्यावर मिस्त्रीला हात लावू दिला नाही, स्वतः थापी फिरवली. ओटा बांधून झाला त्या संध्याकाळी ते ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटत होते. कोपर कुठं ठेवावं त्यांना कळत नव्हतं. पाहुण्याच्या घरात उभे असल्यासारखे दिसत होते.

घर पाहायला मंडळी आली ती एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी. बैठकीची खिडकी पश्चिमेला आहे आणि मी तिला मोठी काच लावली होती. ऊन सतरंजीवर आडवं पडलं होतं. तिचे वडील टोपी काढून त्यानंच वारा घेत होते. मामा नागपूरचे, रेल्वेतले. त्यांनी उठून खिडकीचा पल्ला बाहेर ढकलला, पुन्हा ओढला, ग्रिलमधून बोट घातलं आणि म्हणाले, "जावईबुवा, कूलर कुठून लावान? पल्ले बाहेर उघडतात, आतून ग्रिल. कूलर काय छातीवर ठेवान?" वर्ध्याच्या उन्हात राहून, लोखंडाच्या खिडक्या करून पोट भरणाऱ्यानं हा विचार केला नव्हता. उत्तर तोंडावर आलं होतं आणि ते चांगलं नव्हतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "घरच्या मंडळीची पसंती आहे."

मामांनी आत पाहिलं. आत कोणी नव्हतं हे त्यांना माहीत होतं. मग बाबांनी सगळं सांगितलं. तू दारात कशी उभी होतीस, हिरवं लुगडं, उजेड पाह्यजे म्हणालीस, खिडकी वर घ्या म्हणालीस. हळू बोलत होते, चहाच्या कपाकडे पाहत. तिचे वडील ऐकत राहिले. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि म्हणाले, "पोरीले सासू नाई, याचाच घोर होता मले. आता वाटते, आहे." मी उठून पाणी आणायला गेलो आणि बराच वेळ आलो नाही.

जाताना ते बोलून गेले की आमच्याकडून हरकत नाही, पोरीला विचारून कळवतो.

ती परवा स्टँडवर भेटली. आधी तिनं मला कूलरवरून पोटभर हसून घेतलं. "खिडक्या करणारा माणूस, अन् त्याच्याच घरात उकडून राह्यलं." मग हसू पुसून तिनं सरळ विचारलं, "खरंच आलती?"

मी म्हटलं, कोण?

"असं नको करू."

मी नाही म्हटलं. तिच्यासमोर मला ते नाही म्हणायला वेळ लागला नाही, ह्याचं मलाच नवल वाटलं. हिंगणीची बस लागली होती, लोक तिच्या खांद्याला घासून चढत होते.

"माह्या बापाच्या डोळ्यात पाणी आलतं," ती म्हणाली. "घरी येऊन मायले सांगत होता."

"मी काय मुद्दाम केलं का? रागात तोंडातून निघालं."

"तुहं सगळं रागातच निघते. कॉलेजही रागात, मायही रागात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी येईन. मले यायचं आहे. पण सकाळी थे मले विचारतीन, सून, आज सासू काही बोलली का? मंग मी काय सांगू? मलेही सपनं पाडावी लागतीन का? तू त्याइले सांग. तू सांगितलं की मी बापाले हो म्हणीन. त्याच्या आधी नाई."

मी म्हटलं, ते मोडतील. ती म्हणाली, "मले माहीत नाई. पण तुले माहीत आहे असं तू समजून कायले चालतं?"

तिथून मी ठरवून आलो, की घरात शिरल्याबरोबर सांगायचं. चप्पल काढायच्या आधी. बाबा बैठकीच्या खिडकीपाशी होते. जुन्या पेपराचा बोळा करून काच पुसत होते, आतून ग्रिलमधून हात घालून, कोपऱ्यात बोट पोचत नव्हतं तरी. मी म्हटलं, बाबा, एक सांगायचं आहे. ते म्हणाले, "मलेही." आणि काच पुसणं न थांबवता बोलायला लागले.

"माह्याही सपनात येते थे. पह्यलेपासून येते. तू लहान होता तवापासून. पण पाठमोरी असते. चुलीपाशी बसली राहते, पाटावर. मी मागून आवाज देतो, पाहत नाई. कधी सूप हातात असते, कधी नुसती बसली राहते. तोंड काही दाखवत नाई. मले वाटे, मेलेलं माणूस बोलतच नसंन. मंग तू म्हटलं, तुह्याशी बोलली." बोळा त्यांनी उलटा करून घेतला. "तुह्याशी बोलते, माह्याशी नाई. बारा वर्षं झाली. तू आता विचारजो तिले. मी काय केलं, थे विचारजो."

त्यांनी वळून विचारलं, तुले काय सांगायचं होतं? मी म्हटलं, भूक लागली.

आज सुटीचा दिवस आहे. मी सकाळपासून ह्या खोलीत दार लावून बसलो आहे आणि हे लिहितो आहे. आधी वाटलं होतं, तुला विचारावं, सांगू की नको. लिहिता लिहिता मला दुसरंच दिसलं. तू त्यांच्याकडे येत राहिलीस. पाठमोरी का होईना, पाटावर बसायला आलीस, हातात सूप घेऊन आलीस. मी आणली ती नुसती दारात उभी केलेली तू, हिरव्या लुगड्यातली, सांगितलेलं बोलणारी. आणि त्यांना वाटतं की माझी तीच खरी आणि त्यांची रागावलेली. मी त्यांच्याकडून काय काढून घेतलं हे मला बिडीचा कट्टा उकिरड्यावर पडला तेव्हा कळलं नाही, विटा रचल्या तेव्हाही कळलं नाही. तिला हो म्हणायचं आहे, त्यासाठी मला सांगावं लागेल, असं मी परवापासून धरून चाललो होतो. आता ती हो म्हणो की न म्हणो, त्यांना हे कळलं पाहिजे की तू ह्या घरात फक्त एकाच माणसाकडे येतेस.

ते चिडतील. मला वाटतं, मारतीलही. मी उलट बोलणार नाही असं ठरवलं आहे; बघू किती टिकतं. त्यांनी आता ओट्यापाशी तुझा पाट मांडायचा म्हटला तर मांडू देईन. खिडकी खाली घ्या म्हणाले तर उद्या उस्तादला बोलावीन, आणि तिला सांगीन की तुला खाली बसून भाकरी टाकाव्या लागतील. ती म्हणेल, तू टाकजो. म्हणू दे.

चूल असती तर हे कागद मी तिच्यात घातले असते. आता गॅसवर काय धरणार. पेटीत ठेवतो, तुझ्या कपड्यांखाली, तिथं बाबा हात घालत नाहीत.

एक गोष्ट राहिली, ती बाबांना सांगणार नाही, तिलाही नाही. तू माझ्या स्वप्नात आलीस असं खोटं बोलल्यापासून मी रोज झोपताना तुझी वाट पाहतो. विचारायच्या गोष्टी ठरवून डोळे मिटतो. सकाळी बाबा कप सरकवून "आज काही?" म्हणतात तेव्हा मीही मनात तेच शोधत असतो, आणि काही नसतं. तू एकदाही आली नाहीस, माय. मला त्यांचा हेवा वाटतो.

बाहेर त्यांच्या बादलीचा आवाज येतो आहे. बैलांना पाणी दाखवून झालं की ते दारापुढच्या ओट्यावर बसतील, तेव्हा गाठायला पाहिजे. मी उठतो. बाहेर जातो आणि दार ओढून घेतो.